नवा बंपर वाकडा बसतोय? परत पाठवण्याआधी एवढं तपासा

लक्षणं ठरलेली असतात. जुन्या पिकअपला नवा बंपर लावला, चार पावलं मागे जाऊन पाहिलं, तर एक टोक दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली. किंवा उंची सारखी आहे, पण डाव्या मडगार्डाच्या फटीत अंगठा जातो आणि उजवीकडे पोस्टकार्डसुद्धा शिरत नाही. किंवा तीन बोल्ट आरामात लागतात आणि चौथ्याचं भोक अर्ध्यावर झाकलेलं दिसतं. काही वेळा सगळं छान बसतं, पण नागपूरजवळची वाडी ओलांडून अमरावती रोडच्या खड्ड्यांत गाडी गेली की पुढून ठणठण सुरू होते. आणि एक लक्षण उशिरा कळतं: पहिला पावसाळा सरतो आणि क्रोममधून तपकिरी ठिपके वर येतात.

नागपूरच्या कामठी रोडवरच्या माझ्या गॅरेजात जुन्या पिकअप येतात. जीपच्या घराण्यातल्या महिंद्रा, डॉज-फार्गो, अधूनमधून एखादी पन्नाशीच्या दशकातली शेवरले. इंजिनपेक्षा जास्त तक्रारी मी बंपरच्या ऐकल्या आहेत, आणि जवळपास प्रत्येक जण एकाच वाक्याने सुरुवात करतो: "भाऊ, बंपरच वाकडा आला." कधीकधी तो खरंच वाकडा असतो. पण बहुतेक वेळा बंपर सरळ असतो आणि त्याच्या मागचं काहीतरी वाकडं असतं.

याचं कारण गाडीच्या बांधणीत आहे. या पिकअपचा बंपर थेट चेसिसला बसतो. केबिन आणि पुढचा पत्रा मात्र चेसिसवर रबरी गुटक्यांवर टेकलेले असतात. म्हणजे बंपर आणि मडगार्ड यांच्यातली फट ही दोन वेगळ्या वस्तूंमधली फट आहे. चेसिस, ब्रॅकेट (बंपर चेसिसला जोडणारे लोखंडी तुकडे), गुटके, पत्रा, यातलं काहीही हललं तरी ते त्या फटीत दिसतं, स्प्रिंगचे पाटे बसले तर अख्खी गाडीच एका बाजूला झुकते, आणि आळ येतो सगळ्यात नव्या, सगळ्यात चकचकीत वस्तूवर.

म्हणून एक विनंती. खालचं सगळं तपासून होईपर्यंत ड्रिल आणि ग्राइंडर बाजूला ठेवा. एकदा नव्या बंपरचं भोक लांबट केलं की तो विकणारा परत घेत नाही आणि खरा दोषही त्या भोकामागे दडून बसतो.

फुकटात होणारी तपासणी

आधी जमीन. गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराची केलेली असते, आणि आपण त्याच फरशीवर उभे राहून बंपर तिरका म्हणतो. गवंड्याकडे असते ती पाण्याची लेव्हल नळी आणा. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं पुढच्या दोन चाकांपाशी धरली की जमिनीतला फरक लगेच कळतो. मग चारही चाकांत हवा सारखी करा. जुन्या मोठ्या टायरमध्ये एका बाजूला हवा कमी असेल तर बंपरचं टोक सहज सेंटिमीटरभर खाली जातं.

आता टेप घ्या. चाकाच्या बरोबर मधून वर, चेसिसच्या पट्ट्याच्या खालच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंनी माप काढा. मडगार्डापर्यंत मोजू नका, कारण मडगार्ड रबरावर आहे. दोन्ही बाजूंत दहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर बंपर विसरा आणि पाट्यांकडे पाहा.

काटोलकडचे संत्र्याच्या बागेचे एक मालक आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे वडिलांच्या काळची शेवरले ३१०० आहे. तिच्यासाठी त्यांनी अमेरिकेतून बंपर मागवला. तो उजवीकडे खाली बसला. विकणाऱ्याशी भांडून भांडून त्यांनी दुसरा मागवला. तोही उजवीकडेच खाली, आणि तेवढाच खाली. मग गाडी माझ्याकडे आली. काका म्हणाले, "दोन्ही बंपर एकाच साच्यातले वाकडे हायेत, याले काय करू?" मी उजव्या पुढच्या चाकाशी बसलो, टॉर्च मारला. मुख्य पाट्याखालचा दुसरा पाटा मधल्या बोल्टजवळ तुटलेला होता. तुटलेल्या कडेवर चिखलाचा थर वाळून बसला होता, म्हणजे तो बऱ्याच दिवसांपासून तसाच होता. गाडीत मूळ पेट्रोल इंजिनाच्या जागी कधीतरी जड डिझेल बसवलं होतं आणि पाटे मात्र मूळचेच ठेवले होते. पाटा बदलला, पहिलाच बंपर पुन्हा लावला, सरळ बसला. दुसऱ्या बंपरचं जहाजभाडं काकांना विनाकारण पडलं. बंपर लांब वस्तू असल्याने वाहतुकीचं भाडं वजनापेक्षा आकारमानावर लागतं, आणि ते भाडं छोटं नसतं.

आपल्याकडच्या कितीतरी जुन्या पिकअपमध्ये असं इंजिन बदललेलं आहे. तुमच्याही गाडीत असेल तर हे माप आधी घ्या.

कुणी उन्हाचं कारण सांगेल: मे महिन्यात नागपुरात लोखंड फुगतं म्हणून भोकं जुळत नाहीत. पावणेदोन मीटरचा पोलादी बंपर तीस अंशांनी जास्त तापला तर जेमतेम ०.६ मिलिमीटर वाढतो. एवढ्याने भोक चुकत नाही.

पाना हातात घेऊन

आता बंपरचे आणि ब्रॅकेटचे सगळे बोल्ट सैल करा. अगदी सगळे, म्हणजे ब्रॅकेट चेसिसला लागतात तेसुद्धा. पुष्कळ जण ब्रॅकेट आधी चेसिसला करकचून आवळतात आणि मग त्यावर बंपर बसवू पाहतात. जो बोल्ट आधी आवळला जातो तो बाकीच्यांची जागा ठरवून टाकतो. मूळ कारखान्यातही भोकांना थोडी मोकळीक ठेवलेली असते, आणि ती सगळी मोकळीक एकाच दिशेला गेली तर टोकाला मोठा फरक पडतो. आधी सगळे बोल्ट बोटांनी लावायचे. खाली लाकडाचे ठोकळे देऊन बंपर हव्या उंचीवर टेकवायचा. मग आतले, नंतर बाहेरचे, डावा-उजवा आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. माझ्याकडे "वाकडा आला" म्हणून आलेले कितीतरी बंपर फक्त एवढ्याने सरळ झाले आहेत.

बोल्टांचं स्वतंत्र बोलायला हवं, कारण ठणठण बहुतेक वेळा इथूनच येते. अमेरिकन गाड्यांचे आणि त्यांच्यावरून आपल्याकडे बनलेल्या जीप-पिकअपचे बोल्ट इंची आट्यांचे. टाटांच्या गाड्यांचे मिलिमीटरचे. तीन अष्टमांश इंचाचा बोल्ट ९.५ मिलिमीटर जाड आणि त्याच्या आट्यांचं अंतर १.५९ मिलिमीटर. दहा मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टाचं ते अंतर १.५. इतकं जवळ की इंची बोल्ट मिलिमीटरच्या नटात सहज फिरतो, हाताला बरोबर लागल्यासारखा वाटतो, आणि पान्याचा जोर पडला की आटे सोलून निघतात. नट पूर्ण आवळला आहे असं वाटतं आणि तो आवळलेला नसतो. इतवारीच्या लोहा ओळीत इंची बोल्ट मिळतात. जुना बोल्ट सोबत न्या आणि नवा नट त्यावर फिरवून पाहूनच घ्या.

बंपरच्या दर्शनी बाजूला गोल डोक्याचे, मानेला चौकोन असलेले बोल्ट असतात. तो चौकोन बंपरच्या चौकोनी भोकात अडकतो म्हणून नट आवळताना बोल्ट फिरत नाही. स्थानिक बनवून घेतलेल्या बंपरला अनेकदा गोलच भोक पाडतात. मग बोल्ट फिरत राहतो, पूर्ण आवळला जात नाही आणि आवाज करतो. चौकोनी कानशीने ते भोक चौकोनी करून घेणं हे एकच घासकाम मी आधी करायला सांगेन.

गाडी नक्की कोणत्या सालची?

हा प्रश्न सोपा वाटतो आणि इथेच पैसे बुडतात. आरसीवर जे वर्ष असतं ते अनेकदा नोंदणीचं. गाडी त्याआधी बनलेली असू शकते. शिवाय साल बरोबर असूनही बंपर चुकू शकतो. शेवरलेचं उदाहरण घ्या. गोल खांद्यांची जुनी मालिका १९४७ मध्ये आली आणि १९५५ च्या मार्चपर्यंत चालली. त्याच महिन्यात पूर्णपणे नवी, चौकोनी नाकाची मालिका आली. म्हणजे १९५५ सालच्या दोन वेगवेगळ्या पिकअप आहेत, आणि "१९५५ चा बंपर द्या" एवढंच सांगितलं तर समोरचा कोणताही पाठवू शकतो.

कागदापेक्षा गाडीला विचारा. या जुन्या मालिकेत दाराची त्रिकोणी काच १९५१ पासून आली, बटण दाबून उघडणारी कडी १९५२ पासून, आणि १९५४ मध्ये जाळी बदलली व समोरची काच एकसंध झाली. अर्थात आपल्याकडे एका गाडीचं दार दुसरीला लागलेलं असतं, म्हणून एकाच खुणेवर भिस्त ठेवू नका. चेसिस नंबर, जाळी, काच आणि कडी या चारही गोष्टी एकमेकींशी जुळतात का ते पाहा. विकणाऱ्याला साल सांगण्यापेक्षा मापं पाठवा: चेसिसच्या दोन टोकांमधलं बाहेर-ते-बाहेर अंतर, भोकांच्या मध्यांमधलं अंतर आणि भोकांचा व्यास. माप हातात असलं की भांडायला वाव राहत नाही.

मागच्या बंपरबद्दल एक गोष्ट. त्या काळच्या अमेरिकन पिकअपना मागचा बंपर बहुधा जादा पैशांत मिळे. तुमच्या चेसिसला मागे भोकंच नाहीत म्हणून चेसिस बदललं आहे असं समजून घाबरू नका. आणि बाजूला पायरी असलेला हौदा आणि सपाट बाजूंचा हौदा यांचे मागचे बंपर एकमेकांना लागत नाहीत, हे मागवतानाच स्पष्ट सांगा.

ब्रॅकेट, मग बंपर

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर ब्रॅकेट काढा. दोन्ही फरशीवर पाठीला पाठ लावून ठेवा. ते एकमेकांचे आरसे असायला हवेत. धक्का बसतो तेव्हा बंपर मागे ढकलला जातो आणि वाकतो तो ब्रॅकेट. जुना बंपर बदलला जातो, ब्रॅकेट मात्र "चांगलाच आहे" म्हणून पुन्हा लागतो. पंधरा-वीस मिलिमीटरच्या चुका मला इथेच सापडल्या आहेत. डावा-उजवा अदलाबदल झालेलाही पाहिला आहे. साध्या लोखंडाचा ब्रॅकेट प्रेसवर सरळ होतो. पण तो लवचिक स्प्रिंग पट्टीचा असेल तर गॅसने तापवू नका. त्याचा ताव उतरतो आणि पुढच्या धक्क्याला तो पुन्हा वाकतो.

मग बंपर. त्याला सपाट जागेवर पालथा ठेवा आणि एका कोपऱ्यावर दाबा. खाट डगमगते तसा डगमगला तर तो पिळलेला आहे. नंतर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणा, मध्यावर खूण करा आणि मध्यापासून सारख्या अंतरांवर सुतळी ते पत्रा अशी खोली मोजा. शेवटी टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन डाव्या टोकाच्या वळणाचा साचा कापा, तो उलटा करा आणि उजव्या टोकाला लावून पाहा. साचा बसला नाही तर आता, आणि फक्त आता, बंपर वाकडा आहे असं म्हणायचं. पुठ्ठ्याचा आणि सुतळीचा फोटो काढून विकणाऱ्याला पाठवा. असा फोटो पाहिल्यावर परत घेण्याबद्दलचं त्याचं बोलणं बदलतं.

बंपरही सरळ, ब्रॅकेटही सरळ, आणि फट तरी कमी-जास्त? मग केबिन आणि रेडिएटरच्या चौकटीखालचे रबरी गुटके पाहा. नागपूरच्या उन्हात जुनं रबर कडक होऊन चिरतं, एका बाजूने दबतं, आणि अख्खं नाक तिकडे झुकतं. गुटके सगळे एकदम बदला. एक नवा आणि तीन जुने ठेवले तर झुकाव फक्त दिशा बदलतो. आणि फट शून्य करण्याच्या मागे लागू नका. पत्रा रबरावर हलतो, बंपर हलत नाही. मी सगळीकडे सारखी पंधरा मिलिमीटर तरी ठेवतो. त्याहून कमी ठेवली तर एखाद्या खड्ड्यात नवा रंग खरवडला जातो.

इथे थांबा

शेवटची तपासणी ओळंब्याची. चेसिसवर पुढे दोन आणि मागे दोन अशा जुळ्या जागा निवडा, जसं की स्प्रिंगच्या खुंट्यांचे बोल्ट. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडून फरशीवर खडूने फुली मारा. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि फुल्यांचे दोन्ही कर्ण मोजा. तीन मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर मी त्याकडे दुर्लक्ष करतो. तीन ते सहा असेल तर पुन्हा मोजा, कारण खडूची रेघच दोन मिलिमीटर जाड असते. सहाच्या वर असेल तर चेसिसचा चौकोन तिरका झाला आहे आणि ते घरचं काम नाही. चेसिस सरळ करण्याचं बेंच आणि चेन-ओढणी असलेल्या माणसाकडे गाडी न्या.

आणखी तीन ठिकाणी ताबडतोब थांबा. चेसिसच्या टोकाला चीर दिसली, विशेषतः स्टिअरिंग बॉक्स बसतो त्या पट्ट्यात. स्क्रू-ड्रायव्हर टोचल्यावर पत्रा आत गेला. किंवा आधीच्या कुणीतरी चेसिसला वेल्डिंगचं थिगळ लावलेलं सापडलं. अशा जागी बंपर नीट बसवण्यासाठी वेल्डिंग करणं म्हणजे स्टिअरिंगशी खेळणं. आणि वेल्डिंग करावंच लागलं, तर करणाऱ्याला टाकी कुठे आहे ते आधी सांगा. शेवरलेच्या या मालिकेत १९४९ पासून पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे आहे, आणि खाली वाकून शोधणाऱ्याला ती दिसत नाही. बॅटरीची तार आधी सोडा.

बदलायचाच असेल तर कोणता

माझं मत पक्कं आहे: मूळ बंपर दुरुस्त होण्यासारखा असेल तर तोच ठेवा. व्हर्नियरने कडेची जाडी मोजा. जुने बंपर जाड पत्र्याचे असत, आणि आज स्वस्तात मिळणारे कितीतरी दोन मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे चौदा गेजचे असतात. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे विकत घेताना लक्षात असू द्या. बंपरभर चुंबक फिरवा. जिथे ते सुटतं तिथे पुट्टी भरलेली आहे, आणि पुट्टीवर क्रोम बसत नाही.

क्रोमच्या ठिपक्यांचं कारणही इथेच समजतं. चमकतो तो क्रोमचा थर मायक्रॉनच्याही खाली असतो. गंजापासून खरं संरक्षण त्याच्या खालचं निकेल देतं, आणि निकेलच्या खाली तांबं. कमी पैशांत करून देणारा निकेलमध्ये हात आखडतो. बाहेर येताना दोन्ही बंपर सारखेच चमकतात, फरक पहिल्या पावसाळ्यानंतर दिसतो. म्हणून काम देताना तांब्यानंतर बंपर पाहायला बोलवा असं सांगा. तांब्याच्या थरावर प्रत्येक खड्डा आणि ओरखडा उघडा दिसतो, आणि तो तिथेच भरून घासता येतो. क्रोमिंग घरी करून पाहू नका. त्यातली रसायनं विषारी आहेत आणि त्यांचं सांडपाणी नाल्यात सोडणं हा गुन्हा आहे.

क्रोमच हवा असंही नाही. कोरियन युद्धाच्या काळात निकेलची टंचाई होती, तेव्हा अमेरिकन ट्रकवर क्रोमच्या ऐवजी रंगच लागत होता. त्या सालांच्या गाडीवर रंगवलेला बंपर जास्त खरा दिसतो आणि खर्चही वाचतो. पावडर कोटिंग करायचं असेल तर आधी नुसताच बंपर बसवून पाहा. पावडर सुमारे दोनशे अंशांवर भाजतात, त्यात पुट्टी टिकत नाही, आणि थर भोकांतही बसतो, त्यामुळे घट्ट बोल्ट आणखी घट्ट होतात.

स्थानिक बनवून घेणार असाल तर स्टेनलेसचा ग्रेड विचारा. जिन्याच्या रेलिंगला वापरतात ते २०२ पावसाळ्यात ठिपके धरतं, ३०४ पुष्कळ बरं. चुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही, त्यासाठी थेंब टाकून पाहायची रासायनिक चाचणी मिळते. फायबरचा बंपर दिसायला हुबेहूब असतो, पण त्याच्याखाली जॅक लावला तर तो तडकतो.

बंपरऐवजी पुढे लोखंडी गार्ड लावू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करायला मनाई करतं. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर गाडी मूळ रूपात असणं हीच मुख्य अट आहे, त्यामुळे मूळ बंपर फेकून देण्याआधी दहा वेळा विचार करा. भंगारवाल्याला दिलेला परत मिळत नाही.

बसवून झाल्यावर दीड-दोनशे किलोमीटर गाडी चालवा आणि सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. रंगाचा थर जोडात दबतो आणि बोल्ट थोडे सैल होतात. काकांच्या गाडीचेही काटोलच्या दोन खेपांनंतर चारातले दोन अर्धा फेरा घेतले.

काकांचा दुसरा बंपर अजून माझ्या गॅरेजच्या भिंतीला टांगलेला आहे. तो सरळ आहे, मी सुतळी लावून पाहिला आहे. ज्यांच्याकडे याच मालिकेची शेवरले आहे आणि स्वतःचा बंपर ताडून पाहायचा आहे, त्यांनी पुठ्ठा आणि कात्री घेऊन यावं आणि साचा कापून न्यावा.